अंगावरून वारं गेलं, आता हात परत येईल का? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट. गेली पंधरा-सोळा वर्षं स्ट्रोकचे पेशंट बघते, निम्मे दवाखान्यात, निम्मे त्यांच्या घरी. घरी गेलं की चहा येतो आणि चहाबरोबर प्रश्न. खरे प्रश्न मात्र निघताना येतात, दारात, मी चपला घालत असताना, कारण तिथलं बोलणं आतल्या खोलीत ऐकू जात नाही. ते इथे लिहून ठेवले आहेत. तुमच्या पेशंटला मी पाहिलेलं नाही, तेव्हा औषधं आणि व्यायाम बदलायचे ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

वारं गेलं म्हणजे नक्की झालं काय?

वाऱ्याचा संबंध नाही. मेंदूला रक्त नेणारी एखादी नळी गुठळीने बंद होते किंवा फुटते. बंद होण्याचं प्रमाण फुटण्यापेक्षा बरंच जास्त. मेंदूचं वजन अंगाच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण ऑक्सिजन मात्र तो २० टक्के खातो आणि शिल्लक काही ठेवत नाही. म्हणून रक्त थांबलं की मिनिटांत पेशी मरायला लागतात. मोठी नळी बंद झाली आणि उपचार मिळाले नाहीत तर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी जातात, असा हिशोब २००६ साली मांडला गेला.

मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला तर उजवं अंग जातं. बहुतेकांची भाषाही डाव्याच बाजूला असते, त्यामुळे उजवा हात आणि बोलणं अशी दोन्ही एकदम गेलेली माणसं पुष्कळ दिसतात.

मेलेल्या पेशी परत येतात का?

नाही. व्यायामाने नाही, तेलाने नाही, काढ्याने नाही.

मग आठव्या दिवशी बोटं आपोआप हलली ती कशी?

मेलेल्या भागाच्या आजूबाजूला बराच भाग नुसता बधिर होऊन बसलेला असतो. सूज असते, रक्त कमी पोचत असतं. सूज उतरते, रक्त सुरळीत होतं, तसा हा भाग कामावर येतो. शिवाय मार बसलेल्या जागेशी जोडलेले पण लांबचे भागही काही दिवस गप्प होतात, त्यांना स्वतःला काही झालेलं नसताना. हे कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह या मेंदूतज्ज्ञाने १९१४ सालीच सांगितलं होतं. घरातलं एक माणूस अचानक गेलं की बाकीचेही काही दिवस जेवत-बोलत नाहीत, तसं.

पहिल्या काही आठवड्यांतली बरीचशी सुधारणा या खात्यातली. त्या दिवसांत जो कुणी जे काही करत असेल, त्याला त्याचं श्रेय मिळतं. एखाद्या गावातला झाडपाला ‘लागू पडतो’ तो असा. लोक तिथे साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जातात आणि नेमका तेव्हाच मेंदू स्वतःहून सावरत असतो.

‘मेंदूची लवचिकता’ म्हणतात ती हीच का?

ती त्याच्या पुढची गोष्ट. आणि मला तो शब्दच पटत नाही. लवचिक म्हणजे रबर. ताणलं की ताणलं जातं, सोडलं की पहिल्यासारखं. मेंदू पहिल्यासारखा होत नाही. तो ओल्या मातीसारखा आहे. ज्या हातांनी, ज्या दिशेने, जितक्या वेळा दाबाल तसा आकार घेतो आणि तो आकार धरून ठेवतो. कुंभाराला विचारा, माती लवचिक असते असं तो म्हणणार नाही. मळलेली आहे म्हणेल.

प्रत्यक्षात होतं ते असं. उरलेल्या पेशी एकमेकींशी नव्या जोडण्या करतात, जुन्या जोडण्या पक्क्या होतात, दुय्यम काम करणारे भाग मुख्य काम अंगावर घेतात. पण हे सगळं वापरावर अवलंबून. जी हालचाल माणूस स्वतः, लक्ष देऊन, पुन्हा पुन्हा करतो, तिच्या जोडण्या पक्क्या होतात. जी करत नाही तिच्या विरतात. मातीला चांगलं-वाईट कळत नाही, तसं मेंदूलाही नाही. हात न वापरण्याचा सराव केला तर तोही तो मन लावून शिकतो.

हे आधी डॉक्टरांना माहीत नव्हतं का? माझ्या आजोबांना तर ‘आता असंच राहणार’ म्हणून घरी पाठवलं होतं.

तुमच्या आजोबांच्या डॉक्टरांचा दोष नाही, शास्त्रच तसं होतं. सान्तियागो रामोन इ काहाल हा स्पॅनिश शास्त्रज्ञ, मज्जापेशींची रचना उलगडल्याबद्दल १९०६ चं नोबेल मिळालेला. प्रौढ मेंदूतले मार्ग ठरून गेलेले असतात, त्यात मरण आहे पण नवी उगवण नाही, असं त्यानेच लिहून ठेवलं. त्याच ठिकाणी, हा निवाडा बदलता आला तर तो पुढच्या काळातल्या शास्त्राने बदलावा, असंही तो म्हणाला होता. लोकांनी पहिलं वाक्य पाठ केलं.

एका घराची गोष्ट मात्र मी पेशंटच्या मुलांना नेहमी सांगते. पेद्रो बाख-इ-रिता हे न्यूयॉर्कमध्ये शिकवणारे गृहस्थ. १९५९ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांना मोठा स्ट्रोक झाला. अर्धं अंग गेलं, वाचा गेली. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा मेक्सिकोत वैद्यकीचा विद्यार्थी होता, पुनर्वसनाचं त्याला काही येत नव्हतं. त्याने वडिलांना घरी नेलं आणि सरळ रांगायला लावलं, भिंतीला खांदा टेकवून, लहान मुलासारखं. शेजारीपाजारी नावं ठेवत होते, की प्रोफेसर माणसाला जनावरासारखं फिरवतोय. मग गोट्या जमिनीवर घरंगळवून पकडायच्या, भांडी घासायची. वर्षभराने ते पुन्हा शिकवायला लागले. पुढे सत्तरी ओलांडल्यावर कोलंबियातल्या डोंगरात चढताना हृदयविकाराने वारले. शवविच्छेदनात दिसलं की मेंदूकडून मणक्याकडे जाणाऱ्या तंतूंचा फार मोठा भाग कायमचा नष्ट झालेला होता, कधीच भरून आलेला नव्हता. म्हणजे एवढं मोठं भगदाड घेऊन माणूस डोंगर चढत होता. दुसरा मुलगा पॉल हा डॉक्टर. ते पाहून त्याने उरलेलं आयुष्य याच विषयाला दिलं.

एका माणसाची गोष्ट म्हणजे पुरावा नाही, हेही सांगते. जॉर्जसारखंच सगळं केलेली आणि तरीही खुर्चीतच राहिलेली माणसं मी पाहिली आहेत.

किती दिवसांत व्हायचं ते होतं? सहा महिने झाले, आता संपलं का?

पहिले तीन महिने सोन्याचे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात ७२ पेशंटचे गट केले. एका गटाला नुसते नेहमीचे उपचार, बाकीच्यांना त्यावर हाताच्या सरावाचे २० तास जास्तीचे दिले. काहींना पहिल्या महिन्यात, काहींना दोन ते तीन महिन्यांच्या दरम्यान, काहींना सहा महिन्यांनंतर. दोन ते तीन महिन्यांच्या टप्प्यातल्यांना सगळ्यात जास्त फायदा झाला. सहा महिन्यांनंतरच्यांना त्याच वीस तासांनी विशेष काही मिळालं नाही.

आता हे वाचून हातपाय गाळू नका. लंडनच्या क्वीन स्क्वेअर या मेंदूविकारांच्या रुग्णालयात २२४ जणांना तीन आठवड्यांत ९० तास हाताचा सराव दिला गेला. निम्म्यांहून जास्त लोकांच्या स्ट्रोकला दीड वर्ष किंवा अधिक झालं होतं. त्यांचे हात सुधारले आणि सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा सुधारणा टिकून होती. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही त्या अभ्यासाची कच्ची बाजू. तरी मला त्यातून एवढं कळतं की दार लागत नाही, जड होतं. आधी वीस तासांत उघडायचं, नंतर नव्वद लागतात.

आपल्याकडे होतं उलटं. पहिले तीन महिने ‘विश्रांती’ आणि पाहुणे. सहाव्या महिन्यात धावपळ.

मग पहिल्याच दिवशी उठवून चालवायला लावू का?

तेही नको. २०१५ साली २,१०४ पेशंटवरच्या मोठ्या चाचणीत दिसलं की पहिल्या २४ तासांत वारंवार, जोर लावून उठवलेल्यांचं, बेताने उठवलेल्यांपेक्षा थोडं वाईटच झालं. पहिल्या दिवसाचं डॉक्टरांवर सोडा. तुम्ही तेव्हा करायचं ते एवढंच, की गेलेला हात अंगाखाली अडकू द्यायचा नाही आणि तोंडात घास किंवा पाणी घालायचं नाही. गिळता येतंय का हे दवाखान्यात तपासून घेतल्याशिवाय चमचाभर पाणीसुद्धा नाही. गिळण्याचे स्नायू ढिले असतात, पाणी फुप्फुसात जातं, न्यूमोनिया होतो. देवाचं तीर्थही याला अपवाद नाही. यावरून माझी लोकांशी भांडणं झाली आहेत.

आम्ही रोज सकाळ-संध्याकाळ तेल लावून मालिश करतो. माणूस लावला आहे. पुरत नाही का?

मालिशने बरं वाटतं, कातडी मऊ राहते, आपल्या माणसाचा हात अंगावरून फिरतो. या तिन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण मालिश होताना पेशंटचा मेंदू काय करत असतो? बहुतेक वेळा झोपलेला असतो. हालचाल मालिशवाला करतो, घाम त्याला येतो, शिकतो तोही तोच. आखडू नये म्हणून सांधे दुसऱ्याने हलवणं गरजेचं आहेच, पण त्याने हात ‘येत’ नाही.

आणि कबुतराचं रक्त चोळण्याबद्दल दर वर्षी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतंच. नाही. काही उपयोग नाही, वर एक कबूतर जातं.

मग रोज किती करायचं?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो आणि तो सगळ्यात कमी विचारला जातो.

२००९ साली अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांत बसून संशोधकांनी मोजलं की फिजिओच्या एका बैठकीत पेशंट गेलेल्या हाताने उपयोगाची हालचाल किती वेळा करतो. सरासरी ३२ वेळा. प्राण्यांवरच्या ज्या प्रयोगांत मेंदूची घडण बदललेली दिसली, तिथे एका बैठकीत ४०० ते ६०० वेळा सराव होता. मी ते वाचलं त्या आठवड्यात माझ्याच बैठका मोजल्या. आकडा सांगत नाही.

तेव्हापासून माझ्या पिशवीत चिंचोके असतात. एक काकू होत्या, डावा हात गेलेला, बोटं जेमतेम मिटायची. त्यांच्यासमोर दोन वाट्या ठेवल्या, एकीत चिंचोके. एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी सात झाले. सातवा पडला तो सोफ्याखाली गेला आणि काकू रडल्या. चिंचोका गुळगुळीत, निसटतो. त्यांच्याकडे हरभऱ्यांनी सुरू करायला हवं होतं, चूक माझी. मग पोह्याची बशी उथळ म्हणून वाटीच्या जागी बशी घेतली, चिंचोक्यांऐवजी लिंबं घेतली, लिंबांवरून सुपारीवर आलो, सुपारीवरून परत चिंचोक्यांवर. नातू वहीत रेघा ओढायचा, पाच झाल्या की आडवी काट. दोन महिन्यांनी वहीत दिवसाला तीनशेच्या पुढे रेघा होत्या, तीन वेळांत मिळून. मधेच आठ दिवस शंभरावर अडकल्या होत्या, तेव्हा वाटी उंच फळीवर ठेवली.

यात दोन गोष्टी आहेत. आकडा, आणि आकड्याबरोबर काम थोडं थोडं अवघड करत जाणं. सोपं झालेलं काम हजार वेळा केलं तरी मेंदू त्यातून नवं काही शिकत नाही. दहातली तीन-चार वेळा चुकलं पाहिजे, असा माझा अंदाजाने ठरवलेला हिशोब आहे. हात दुखायला लागला किंवा दुसऱ्या दिवशी माणूस गळून गेला, तर कमी करा.

आणि शक्यतो खरं काम द्या. रबरी चेंडू दाबत बसणं मला फारसं आवडत नाही. तसंही हात आधी मिटायला शिकतो, उघडायला नंतर, आणि चेंडू मिटण्याचाच सराव देतो. मटार सोलणं, लसूण निवडणं, शर्टाची बटणं, कणीक मळणं, पेपरची घडी घालणं. ज्या बाईने चाळीस वर्षं भाकरी थापली तिच्या हाताखाली पिठाचा गोळा आला की हात वेगळाच वागतो. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता पहिल्या भेटीत मी आधी स्वयंपाकघर बघून येते.

चांगल्या हाताने सगळं जमतंय. मग बिघडलं कुठे?

इथेच तर बिघडलं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या. हलवणाऱ्या नसा शाबूत होत्या, तरी माकडांनी तो हात वापरणं सोडलं. सुरुवातीला माकड त्या हाताने प्रयत्न करतं, घास पडतो, तोल जातो. दुसऱ्या हाताने घास मिळतो. आठवड्याभरात ते ठरवून टाकतं की हा हात नाहीच. पुढे हात वापरता येण्याजोगा झाला तरी ते करून बघत नाही. पण चांगला हात बांधून ठेवला की त्याच ‘गेलेल्या’ हाताने खाऊ लागतं. (या प्रयोगांतल्या माकडांच्या हालांवरून १९८१ साली अमेरिकेत मोठं प्रकरण झालं, खटला चालला. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. पेशंटच्या उपयोगाला ते ज्ञान आलं, हेही खरं.)

यातून आली ती चांगला हात अडकवून ठेवायची पद्धत. २००६ साली २२२ जणांवर तिची चाचणी झाली. सगळ्यांच्या स्ट्रोकला तीन ते नऊ महिने झालेले. दोन आठवडे चांगल्या हातात जाड मोजा, जागेपणीच्या वेळेपैकी ९० टक्के वेळ, आणि गेलेल्या हाताला रोज तासन्‌तास काम. फायदा झाला आणि वर्षभराने टिकून होता. अट एकच आणि ती कडक: मनगट आणि बोटं थोडीतरी स्वतःहून उचलता आली पाहिजेत. अजिबात न हलणाऱ्या हाताच्या माणसाचा चांगला हात बांधू नका. तो निव्वळ छळ आहे, शिवाय पडायची भीती.

मेंदूत काय होतं ते रँडॉल्फ न्यूडो या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९९६ साली दाखवलं. छोट्या माकडांच्या मेंदूत हाताच्या जागेला अगदी लहानशी इजा केली. सराव दिला नाही तेव्हा इजेच्या शेजारची, हाताचीच शाबूत जागाही आक्रसली. सराव दिला तेव्हा ती टिकली, काहींमध्ये तर कोपर-खांद्याच्या जागेत पसरली. चाळीत राहिलेल्यांना वेगळं समजावून सांगायला नको. खोली बंद राहिली की शेजाऱ्याची सायकल आधी गॅलरीत येते, मग पिंप, मग कपाट. राहत्या माणसाच्या दाराशी कुणी सायकल लावत नाही.

त्यांना त्रास नको म्हणून आम्हीच भरवतो, आम्हीच कपडे घालतो. चूक आहे का?

चूक म्हणवत नाही, पण हो. सून घास पुढे करते त्या क्षणी हाताची एक संधी जाते, दिवसाला अशा शंभर. वाट बघणं हे सेवा करण्यापेक्षा अवघड आहे. शर्टाचं एक बटण लावायला बाबांना चार मिनिटं लागतात आणि ती चार मिनिटं तुम्ही हात मागे बांधून उभे राहायचं असतं. ब्युरोची मावशी ठेवली असेल तर तिलाही हे सांगा, कारण तिला वाटतं काम केलं नाही तर पैसे कापतील.

पण सगळा भार घरच्यांवर टाकून मोकळं व्हायचं असंही नाही. भारतातच, १४ रुग्णालयांत, १,२५० पेशंटवर एक मोठी चाचणी झाली, २०१७ साली तिचे निष्कर्ष आले. घरातल्या एका माणसाला शिकवून त्याच्याकडून घरी पुनर्वसन करवलं, तर सहा महिन्यांनी फरक पडतो का? पडला नाही. दोन्ही गटांत ४७ टक्के लोक एक तर वारले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. आपल्याकडे फिजिओ मिळत नाही, परवडत नाही, म्हणून या चाचणीकडून माझ्यासारख्यांना फार आशा होती. तेव्हापासून मी सुनांना-मुलांना छोटी फिजिओथेरपिस्ट बनवायचा नाद सोडला. त्यांच्याकडून दोनच गोष्टी मागते: मोजा, आणि घाई करू नका.

पाय आला, चालायला लागले, पण हात तसाच. असं का?

हे फार जणांचं होतं. सगळ्यात जास्त वेळा मार बसतो त्या नळीच्या वाट्याला मेंदूतली हात आणि चेहऱ्याची जागा येते. पायाची जागा बरीचशी दुसऱ्या नळीवर. शिवाय पायाला तग धरणं आणि पुढे पडणं एवढं जमलं तरी माणूस चालतो, थोडं फेंगडत का होईना. हाताला बटण लावायला बोटन्‌बोट वेगळं हलवावं लागतं. आणि पाय वापरल्यावाचून संडासला जाता येत नाही. हाताला मात्र बदली माणूस शेजारीच लटकत असतो.

बाबांना स्वतःचं नाव सांगता येत नाही, पण गणपतीत आरती अख्खी म्हटली! नाटक करतात का?

नाटक नाही. मनात शब्द जुळवून बोलणं आणि पाठ असलेलं सुरात म्हणणं या मेंदूसाठी दोन वेगळ्या गोष्टी. आरती, रामरक्षा, बे एके बे, आठवड्याचे वार, आणि हो, शिव्या, हे सगळं बऱ्याचदा शाबूत राहतं. एक आजोबा होते, दिवसभर ‘हं हं’ एवढंच, पण क्रिकेटमध्ये आपला फलंदाज बाद झाला की अस्सल कोल्हापुरी बाहेर पडायची. घरच्यांना लाज वाटायची, मला आशा.

याच धाग्यावरून सुरात बोलायला शिकवण्याची पद्धत १९७३ पासून वापरात आहे. ‘पा-णी दे’ हे ठेक्यात, हाताने टाळी देत म्हणायचं. आरती येते म्हणून बोलणं येईलच असं नाही, ते स्पीच थेरपिस्टच सांगेल. तोवर एकावेळी एकाने बोला, टीव्ही बंद करा, आणि ‘चहा घेणार की कॉफी’ असं विचारून दोन्ही डबे समोर धरा. माणूस बहिरा झालेला नाही, ओरडू नका. त्याच्यादेखत त्याच्याबद्दल ‘यांना काही कळत नाही’ म्हणू नका. बहुतेकांना बरंच कळत असतं.

खांदा फार दुखतो म्हणतात.

हाताला धरून ओढून उठवलं असेल कुणीतरी. खांद्याचे स्नायू ढिले झाले की सांधा खाली उतरतो. त्यात काखेत हात घालून उचललं की झालंच. कमरेला आधार देऊन उठवा, बसताना हात उशीवर ठेवा. पुढे बोटं आणि कोपर आखडायला लागली तर डॉक्टरांना लगेच दाखवा. बोट्युलिनमच्या इंजेक्शनने ताठरपणा काही महिने उतरतो, त्या काळात सराव केला तर उपयोग. नुसतं इंजेक्शन घेऊन घरी बसलं तर पैसे गेले.

लवकर बरं व्हायला गोळी, इंजेक्शन, स्टेम सेल काही?

फ्लुऑक्सेटिन या नैराश्याच्या गोळीने हात लवकर येतो, असं २०११ च्या एका छोट्या फ्रेंच चाचणीत दिसलं आणि सगळ्यांनी ती लिहायला सुरुवात केली. मग ब्रिटनमध्ये ३,१२७ जणांवर तपासलं. २०१८ च्या अखेरीस निकाल आला: हातापायाला फायदा नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण थोडं वाढलं. नैराश्य असेल तर गोळी जरूर घ्यावी. हातासाठी नको.

स्टेम सेलच्या जाहिराती तुम्हाला व्हॉट्सॲपवर येतात, मला पेशंटच्या फायलींत लाखांच्या बिलांच्या रूपाने दिसतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडचा स्टेम सेलचा वापर हा संशोधनाचा विषय आहे, विकायचा उपचार नाही. संशोधनात भाग घ्यायचे पैसे पेशंटकडून घेत नसतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आरशासमोर चांगला हात हलवून मेंदूला ‘दोन्ही हलतायत’ असं दाखवायची पद्धत मात्र स्वस्त आहे आणि तिला बऱ्यापैकी पुरावा आहे. उभा आरसा, पुठ्ठ्याचं खोकं, अर्धा तास. मानेतल्या व्हेगस नसेला यंत्राने चेतना देत हाताचा सराव करायचा उपचार २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झाला. त्यातही सराव चुकत नाही.

व्यायामाला बसवलं की रडतात, नाहीतर चिडतात. आळस आहे का हा?

स्ट्रोकनंतर साधारण तीनांतल्या एकाला नैराश्य येतं. त्यावर औषध आहे, तेव्हा ते डॉक्टरांना सांगा. काहींना मेंदूच्या इजेमुळेच कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं, ते दुःख नव्हे. आणि थकवा तर असा असतो की केस विंचरून माणूस झोपतो. सकाळी, पोट हलकं असताना, वीस-वीस मिनिटांचे तुकडे करा. दुपारची झोप मोडू नका, शिकलेलं झोपेत मुरतं.

डावं अंग गेलेल्या काहींना डावी बाजू आहे हेच जाणवत नाही. ताटातली डाव्या बाजूची भाजी तशीच राहते आणि ‘भाजी वाढलीच नाही’ म्हणून भांडतात. त्याला हट्ट समजू नका. ताट फिरवा.

पूर्ण बरे होतील ना?

चपला घालताना हाच प्रश्न येतो. काही जण होतात. बरेच जण चालतात, स्वतःचं स्वतः करतात, पण हात पूर्वीसारखा नसतो. काहींचा नुसता आधाराला लागतो, कागद दाबून धरण्यापुरता. पहिल्या काही दिवसांत बोटं जरा तरी उघडत असतील आणि खांदा उचलत असेल, तर हाताबद्दल मी आशेने बोलते. मोठा मार असेल आणि महिन्याभरात काहीच हललं नसेल, तर मी हाताचे बेत आखत नाही. एका हाताने साडी कशी नेसायची, भाजी कशी चिरायची, हे शिकवायला घेते. खिळे उलटे ठोकलेल्या पाटावर कांदा रोवून एका हाताने सुरेख चिरता येतो. यात हार मानणं आहे असं मुलांना वाटतं. पेशंटला बहुतेक वेळा तसं वाटत नाही.

अपंगत्वाचा दाखला मिळतो का?

मिळतो, तपासून टक्केवारी ठरते. यूडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या, सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग जिल्ह्याच्या शासकीय रुग्णालयात तपासणी. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

परत झटका आला तर?

रक्तदाबाची गोळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून बंद करणारे मी सर्वांत जास्त पाहिले आहेत. रक्त पातळ करायची गोळी दात काढायचा आहे म्हणून परस्पर बंद करणारे त्यांच्या खालोखाल. दोन्ही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. तंबाखू आणि मिश्री यांच्याबद्दल वेगळं लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तोंड वाकडं झालं, एक हात वर राहत नाही, जीभ जड झाली, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्या. कांदा हुंगवणं, ॲस्पिरिन चघळायला देणं, यातलं काही नको. नळी फुटली असेल तर ॲस्पिरिनने वाढेल. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, मोठी गुठळी तारेने ओढून काढणं निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत जमतं. दवाखान्यात पहिला प्रश्न विचारतील तो ‘कधी झालं’ असा नसतो. ‘शेवटचं धडधाकट कधी पाहिलं होतं’ असा असतो. रात्री दहाला दूध पिऊन झोपले आणि सकाळी सहाला असे दिसले, तर उत्तर रात्री दहा. निघताना ते कागदावर लिहून खिशात टाका, चालू गोळ्यांची पाकिटंही बरोबर घ्या.